दोन कंपन्यांचे पाणी

लंडनच्या सोहो भागात ब्रॉडविक स्ट्रीटवर एक हापसा उभा आहे. त्याला दांडा नाही. जवळच्याच मद्यालयाला डॉ. जॉन स्नो यांचे नाव दिले आहे. आयुष्याचा बराच काळ ज्यांनी दारूला स्पर्श केला नाही त्यांच्या नावाने गुत्ता निघावा, हा लंडनकरांचा विनोद म्हणायचा. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या प्रत्येकाला या हापशाची गोष्ट ठाऊक असते. कॉलऱ्याची साथ आली, स्नो यांनी मृतांच्या घरांचा नकाशा काढला, हापशाचा दांडा काढून घ्यायला लावला आणि साथ थांबली.

गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. दांडा निघाला तेव्हा साथ आधीच ओसरू लागली होती. स्नो यांनी स्वतःच तसे नमूद करून ठेवले आहे. त्यांचे खरे मोठे काम झाले ते थेम्स नदीच्या दक्षिण काठावर. तिथे त्यांच्यासमोर एखादी विहीर नव्हती, तर लाखो माणसांना नळाने पाणी विकणाऱ्या दोन कंपन्या होत्या आणि अर्धवट अमलात आलेला एक सरकारी कायदा होता.

जॉनचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी यॉर्क शहरात, ऊझ नदीच्या काठालगतच्या गरीब वस्तीत झाला. वडील मजुरी करत. नऊ भावंडांत हा थोरला. चौदाव्या वर्षी त्याला न्यूकॅसलच्या एका शल्यवैद्याकडे उमेदवारीला ठेवले. तिथे असतानाच, १८३१ च्या शरद ऋतूत, कॉलरा पहिल्यांदा इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला. आपल्याकडे जिला पटकी म्हणत तीच ही साथ. १८१७ मध्ये बंगालमध्ये तिने उग्र रूप धरले आणि व्यापाऱ्यांचे तांडे, सैन्य व जहाजे यांच्याबरोबर ती जगभर निघाली होती. अठरा-एकोणीस वर्षांच्या या उमेदवाराला किलिंगवर्थच्या कोळसा खाणीवर कामगारांवर उपचार करायला पाठवण्यात आले.

उपचार म्हणजे काय, तर रक्त काढणे, अफू, ब्रँडी आणि पाऱ्याची औषधे. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होऊन काही तासांत शरीरातले पाणी आणि क्षार निघून जातात. अशा माणसाचे आणखी रक्त काढायचे, म्हणजे त्याला दरीकडे ढकलण्यासारखेच. १८३२ मध्येच स्कॉटलंडमधील लीथ इथे थॉमस लाटा या डॉक्टरांनी रुग्णांच्या शिरेतून मिठाचे पाणी देऊन काहींना अक्षरशः मरणाच्या दारातून परत आणले होते. पण ते फार दिवस जगले नाहीत आणि उपायही विस्मरणात गेला. किलिंगवर्थच्या खाणीत तरुण जॉनच्या हाती फारसे काही नव्हते. खाणीत शौचाची सोय नसे, हात धुवायला पाणी नसे आणि कामगारांचे दुपारचे जेवण तिथेच, त्याच हातांनी होई. खाणकामगारांना कॉलरा इतका का गाठतो याचा विचार स्नो यांनी पुढे केला, तेव्हा त्यांनी नेमक्या याच गोष्टींवर बोट ठेवले.

१८३६ मध्ये ते पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले, तेही बरेचसे अंतर पायी चालत. १८३८ मध्ये शल्यवैद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले, १८४४ मध्ये लंडन विद्यापीठाची एम.डी. मिळवली. सोहोतल्या फ्रिथ स्ट्रीटवर खोली घेतली आणि दवाखाना थाटला. घराणे नाही, ओळखी नाहीत, बोलणे काहीसे कमी. सतराव्या वर्षापासून शाकाहारी, आणि पाणी प्यायचे ते ऊर्ध्वपातित किंवा उकळून. लग्न केले नाही. दवाखाना फारसा चालतही नव्हता.

नशीब उघडले ते ईथरमुळे. १८४६ च्या अखेरीस अमेरिकेतून भुलीची बातमी आली आणि स्नो यांनी ईथर व नंतर क्लोरोफॉर्म यांचा असा काही अभ्यास केला, की थोड्याच काळात लंडनमधले मोठे शल्यवैद्य त्यांनाच बोलावू लागले. ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या प्रसूतीत क्लोरोफॉर्म देणारे डॉक्टर तेच. हा भाग इथे आवर्जून सांगायचा तो अशासाठी, की त्यांच्या कॉलऱ्याच्या विचाराचे मूळ बहुधा इथेच आहे. वायू शरीरात कसा शिरतो, किती मात्रेला काय करतो आणि अंतर वाढले की किती विरळ होतो, हे त्या काळात त्यांच्याइतके नीट जाणणारी माणसे मोजकीच होती. आणि त्या काळचे बहुतेक जाणकार तर म्हणत होते, की कॉलरा होतो तो कुजक्या घाणीतून उठणाऱ्या दूषित हवेमुळे.

हे केवळ पुस्तकी मत नव्हते. सरकारचे आरोग्यविषयक धोरण त्यावरच उभे होते. एडविन चॅडविक हे त्या धोरणाचे प्रमुख शिल्पकार. तळमळीचे, कष्टाळू आणि हट्टी. वस्तीतली दुर्गंधी घालवली की रोग जाईल, या खात्रीने लंडनच्या घरांखालचे मैलाखड्डे बंद करून मैला गटारांत सोडण्याचा सपाटा लावला गेला. गटारे थेम्सला मिळत. घरातला वास गेला, नदी मात्र नासली. त्याच नदीतून खासगी कंपन्या पाणी उचलत, दिवसातून थोडा वेळ नळाला सोडत आणि त्याचे पैसे घेत. थेम्सला लंडनपर्यंत समुद्राची भरती येते. सकाळी ओहोटीबरोबर वाहून गेलेली घाण संध्याकाळी भरतीबरोबर परत येई. म्हणजे लंडनकर आपलाच मैला विकत घेऊन पीत होते. हे कळायला शास्त्रज्ञ असण्याचीही गरज नव्हती. आर्थर हॅसल या डॉक्टरांनी १८५० मध्ये नळाचे पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यातल्या जीवजंतूंची चित्रेच छापली होती.

१८४८-४९ च्या साथीत लंडनमध्ये चौदा हजारांहून अधिक माणसे मेली. स्नो यांनी एक साधा वैद्यकीय प्रश्न विचारला. विष जर श्वासातून शरीरात जात असेल, तर आधी छातीत काहीतरी बिघडायला हवे, ताप यायला हवा. कॉलऱ्याचा रोगी तर पहिल्या तासापासून पोटाच्याच तक्रारी सांगतो. मग हे विष गिळलेच जात असणार, ते आतड्यात वाढत असणार आणि जुलाबांतून बाहेर पडून दुसऱ्याच्या तोंडापर्यंत पोहोचत असणार. हात, कपडे, अन्न आणि सर्वांत दूरवर नेणारे वाहन म्हणजे पाणी. ऑगस्ट १८४९ मध्ये त्यांनी ही मांडणी एका छोट्या पुस्तिकेत प्रसिद्ध केली. जाणकारांनी ती वाचली, विचार चांगला आहे म्हणून मान डोलावली आणि पुरावा अपुरा आहे म्हणून बाजूला ठेवली. खरे तर पुरावा अपुराच होता. त्याच रस्त्यावर, त्याच हवेत, त्याच परिस्थितीत राहणारी, पण वेगळे पाणी पिणारी हजारो माणसे हवी होती. असा प्रयोग करणार कोण?

तो घडवला एका कायद्याने. १८५२ मध्ये ब्रिटिश संसदेने लंडनच्या पाणीपुरवठ्यासाठी कायदा केला. थेम्सचे पाणी टेडिंग्टनच्या बंधाऱ्याच्या वरूनच, म्हणजे भरती जिथे पोहोचत नाही तिथूनच उचलायचे. घरगुती वापराचे पाणी गाळून द्यायचे. शहरालगतचे, गाळलेल्या पाण्याचे साठे झाकलेले असले पाहिजेत. पाणी विकणाऱ्या कंपन्यांवर लंडनमध्ये आलेले हे पहिले खरे बंधन होते. पण कंपन्यांच्या सोयीसाठी त्यात मुदत दिली होती, पाणी उचलण्याची जागा बदलायला ३१ ऑगस्ट १८५५ पर्यंत.

दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्या एकाच भागात पाणी पुरवत. एक लॅम्बेथ, दुसरी साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल. लॅम्बेथ कंपनीने वरच्या बाजूला जाण्याचे काम आधीच हाती घेतले होते. १८५२ मध्येच तिने मध्य लंडनमधली जागा सोडून कित्येक मैल वर, सीदिंग वेल्स इथून पाणी घ्यायला सुरुवात केली. दुसरी कंपनी बॅटर्सीलाच राहिली. मुदत शिल्लक होती, तेव्हा कायदा तिने मोडला असे म्हणता येत नाही. मुदत संपायच्या आत कॉलरा आला.

१८५४ च्या उन्हाळ्यात मृत्यूनोंदणीचे आकडे पाहताना स्नो यांच्या लक्षात आले, की आपल्याला हवा होता तो प्रयोग डोळ्यांसमोर चालू आहे. पूर्वी या कंपन्यांत चढाओढ असताना दोघींनीही त्याच रस्त्यांखालून आपापले नळ टाकले होते. एका घरात एकीचे पाणी, शेजारी दुसरीचे. गरीब-श्रीमंत, लहान-मोठे, बायका-पुरुष, सगळे सारखेच दोन्हीकडे वाटले गेले होते. तीन लाखांवर माणसे, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे त्यांना ठाऊकही नाही.

दिवसा दवाखाना आणि भूल देण्याची कामे सांभाळून स्नो घरोघर फिरू लागले. ज्या घरात कॉलऱ्याने मृत्यू झाला तिथे जायचे आणि एकच प्रश्न विचारायचा, की तुमच्याकडे पाणी कोणत्या कंपनीचे येते. बहुतेकांना सांगता येत नसे, कारण पाणीपट्टी घरमालक भरे. मग स्नो बाटलीत थोडे पाणी घेत. घरी येऊन त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकत. मीठ असेल तर पाण्यात दह्यासारखा पांढरा साका जमतो. भरतीच्या पट्ट्यातल्या बॅटर्सीच्या पाण्यात मीठ गॅलनला सुमारे ३८ ग्रेन, तर वरच्या पाण्यात एक ग्रेनही नाही. कागदपत्राची गरजच उरली नाही, पाणीच आपला पत्ता सांगू लागले.

पहिल्या चार आठवड्यांतल्या ३३४ मृत्यूंपैकी २८६ घरांत साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलचे पाणी होते, १४ घरांत लॅम्बेथचे. उरलेल्यांपैकी २२ जणांनी पाणी थेट नदीतूनच घेतले होते. हे आकडे पाहून राष्ट्रीय नोंदणी कार्यालयातले सांख्यिकीतज्ज्ञ विल्यम फार यांनी ऑगस्टच्या अखेरीपासून दक्षिण लंडनच्या निबंधकांना प्रत्येक कॉलरा-मृत्यूबरोबर पाण्याचा स्रोतही लिहायला सांगितले. फार हे तेव्हा दूषित हवेच्या मताचे होते. कॉलऱ्याचे मृत्यू जमिनीच्या उंचीनुसार कमी होतात, असे त्यांनी गणिताने मांडले होते. तरीही विरुद्ध मताच्या माणसाला त्यांनी माहितीचे दार उघडून दिले. याची आठवण फारशी कोणी काढत नाही, काढायला हवी.

मधेच, ३१ ऑगस्टच्या रात्री, स्नो यांच्या घरापासून जवळच सोहोत साथीचा भडका उडाला. पहिल्या तीन दिवसांत ब्रॉड स्ट्रीट आणि आसपास १२७ माणसे दगावली. दक्षिणेतले काम सोडून ते तिकडे गेले. जवळच्या बिअर बनवण्याच्या कारखान्यातले कामगार कसे वाचले, पोलंड स्ट्रीटच्या अनाथाश्रयातल्या ५३५ पैकी फक्त पाचच जण कसे मेले, आणि दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक वृद्धा कशी दगावली, हे सगळे त्यांनी शोधले. आश्रयाची विहीर स्वतंत्र होती आणि कारखान्यातले कामगार हापशावर जात नव्हते. वृद्धेला मात्र ब्रॉड स्ट्रीटचे पाणी आवडे म्हणून ते रोज गाडीने तिच्याकडे जात होते. ७ सप्टेंबरला त्यांनी स्थानिक मंडळापुढे म्हणणे मांडले, दुसऱ्या दिवशी दांडा निघाला. त्या वस्तीचे तरुण धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांना हे मत अजिबात पटले नव्हते. ते खोडून काढायला ते निघाले आणि अखेर त्यांनीच हापशालगतच्या घरातले आजारी तान्हे बाळ शोधून काढले. त्याच्या दुपट्यांचे धुवण ज्या खड्ड्यात गेले तो विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर होता.

दक्षिणेतल्या कामाचा हिशेब १८५५ मध्ये पुस्तिकेच्या दुसऱ्या, बऱ्याच मोठ्या आवृत्तीत आला. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू, लॅम्बेथच्या घरांमागे ३७ आणि उरलेल्या लंडनमध्ये ५९. या आवृत्तीवर स्नो यांनी पदरचे दोनशे पौंडांहून अधिक खर्च केले. विक्रीतून जे परत आले ते नगण्य होते.

आणि त्याच वर्षी ते सरकारपुढे उभे राहिले, पण चुकीच्या बाजूला, असे त्यांच्या मित्रांनाही वाटले असेल. हाडे उकळणारे, चरबी वितळवणारे, साबण करणारे यांच्या दुर्गंधी पसरवणाऱ्या कारखान्यांवर नियंत्रण आणणारे विधेयक संसदेपुढे होते. ५ मार्च १८५५ रोजी स्नो यांनी समितीपुढे कारखानदारांच्या वतीने साक्ष दिली. त्यांचा मुद्दा असा, की वासाने साथ येत असती तर त्या वासात दिवसभर काम करणारे कामगार आधी मेले असते. तसे दिसत नाही. सदस्य चकित झाले. लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाचे संपादक थॉमस वाकली यांनी त्यांच्यावर बोचरी टीका केली. कॉलऱ्यापुरते स्नो बरोबर होते. पण हाडांच्या भट्टीशेजारी राहणाऱ्या माणसाला तिच्यावर बंधन हवे असेल, तर त्यासाठी साथीचे कारण लागत नाही. ते विधेयक चुकीच्या कारणासाठी आलेले चांगले विधेयक होते आणि स्नो यांना त्यातले फक्त चुकीचे कारण दिसत होते.

त्याच वर्षी सरकारच्या आरोग्य मंडळाने नेमलेल्या वैज्ञानिक समितीने ब्रॉड स्ट्रीटबाबतचे त्यांचे म्हणणे मानायला आधार सापडत नाही, असा निर्वाळा दिला. खुद्द जंतू स्नो यांनी पाहिलेला नव्हता. फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो पाचिनी यांनी तो १८५४ मध्येच पाहून वर्णन करून ठेवला होता, पण लंडनमध्ये कोणाच्या ध्यानात ते आले नाही. रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात तो वेगळा करून वाढवला तो १८८४ मध्ये.

दोन कंपन्यांचा प्रश्न मात्र सरकारला दुर्लक्षून चालले नाही. स्नो यांच्या आकड्यांत एक कच्चा दुवा होता. कोणत्या पोटविभागात कोणत्या कंपनीची घरे किती, हे त्यांना नेमके ठाऊक नव्हते. सरकारी वैद्यकीय अधिकारी जॉन सायमन यांनी ती माहिती मिळवली आणि १८५६ मध्ये दोन्ही साथींची तुलना मांडली. १८४८-४९ मध्ये, दोन्ही कंपन्या घाण पाणी देत होत्या तेव्हा, दर दहा हजार माणसांमागे लॅम्बेथच्या ग्राहकांत १२५ मृत्यू आणि दुसरीच्या ग्राहकांत ११८. लॅम्बेथ वर गेल्यानंतरच्या साथीत तिचे ३७ आणि दुसरीचे १३०. या आकड्यांवर वाद घालणे कठीण होते. तरीही सायमन यांनी घाणेरड्या पाण्याला दोष दिला तो दूषित हवेच्या चौकटीत बसवूनच, आणि स्नो यांना श्रेय देताना हात आखडता घेतला. तोवर मुदत संपली होती आणि साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलही हॅम्प्टनला, टेडिंग्टनच्या वर गेली होती.

१० जून १८५८ रोजी क्लोरोफॉर्मवरचे पुस्तक लिहीत असताना स्नो यांना पक्षाघाताचा झटका आला. मूत्रपिंडांचे दुखणे त्यांना आधीपासून होते. १६ जूनला ते गेले, वय ४५. लॅन्सेटने दिलेल्या चार ओळींच्या बातमीत भुलीवरच्या कामाचा उल्लेख होता, कॉलऱ्याचा नव्हता.

ते अंथरुणाला खिळले होते त्याच दिवसांत लंडन वासाने हैराण झाले होते. उन्हाळा कडक, थेम्स आटलेली आणि काठावर मैल्याचे थर. संसदेची नवी इमारत नदीला लागूनच. खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगले तरी खासदारांना बसवेना. वर्षानुवर्षे पैशांवरून अडलेली गटारांची योजना काही आठवड्यांत मंजूर झाली आणि जोसेफ बॅझलजेट यांना काम मिळाले. नदीला समांतर मोठी गटारे बांधून सगळा मैला शहराच्या खाली दूर नेऊन सोडायचा. निर्णय झाला तो वासाच्या भीतीने. पिण्याचे पाणी त्यामुळे सुधारले, हा त्याचा जोडफायदा.

पूर्व लंडनच्या एका भागात ती गटारे जोडायची राहिली होती, तिथेच १८६६ मध्ये कॉलरा पुन्हा आला. हजारो माणसे मेली. या वेळी विल्यम फार यांनी आकडे मांडले ते जमिनीच्या उंचीनुसार नव्हे, तर पाणी कंपन्यांनुसार. बहुतेक मृत्यू ईस्ट लंडन कंपनीच्या हद्दीत दाटले होते. कंपनीच्या अभियंत्याने वर्तमानपत्रातून ठासून सांगितले, की गाळल्याशिवाय एक थेंबही पाणी दिलेले नाही. मग लोकांनी आपल्या नळांत सापडलेल्या वामा पुढे आणल्या. जिवंत मासा वाळूच्या गाळणीतून येत नाही. चौकशीत निघाले, की ओल्ड फोर्ड इथल्या उघड्या तळ्यातले पाणी, कायदा धाब्यावर बसवून, पुरवठ्यात सोडले जात होते. शेजारून वाहणाऱ्या ली नदीत, थोड्याच अंतरावर, साथीच्या पहिल्या रोग्यांच्या घरचा मैला मिळत होता.

फार यांनी आपल्या अहवालात स्नो यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. १८७१ च्या कायद्याने लंडनच्या पाण्यावर सरकारी परीक्षक आला. १९०२ च्या कायद्याने सगळ्याच म्हणजे आठही कंपन्या एका सार्वजनिक मंडळाच्या ताब्यात घेण्याचे ठरले. १९८९ मध्ये हे काम पुन्हा खासगी कंपन्यांकडे गेले आणि २०१७ मध्ये थेम्स वॉटर या कंपनीला नदीत मैलापाणी सोडल्याबद्दल न्यायालयाने सुमारे दोन कोटी पौंडांचा दंड केला.